आधी बादली, मग घड्याळ

मिरजेत दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजमागे एक अरुंद बोळ होता आणि बोळाच्या पलीकडे सतारी करणाऱ्यांचं घर. तिकडून दिवसभर एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज यायचा. जरा चढवायची, छेडायची, जरा उतरवायची, पुन्हा छेडायची. इकडे आमच्याकडे गाडीचा एसी लावला की कॉम्प्रेसर 'टक्' करून पकड घ्यायचा, आणि मिस्त्री मान तिरकी करून डोळे मिटायचे. तिकडचा म्हाताराही तसाच मान तिरकी करून बसलेला असायचा. या गावात सगळे कानानं कामं करतात असं मला वाटायचं आणि मनात थोडं हसूही यायचं. मी शिकलेला माणूस. मला आकडा लागायचा.

आमच्या वाडीतला मी पहिला पदवीधर. हे मी आजही सांगतो, आणि सांगताना आवाज थोडा चढतो, त्याला माझा इलाज नाही. आटपाडीच्या पूर्वेला, जिथं बाभळी आणि दगड सोडून फार काही उगवत नाही, तिथं आमची वाडी. आबा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि आखाड लागताना परत यायचे. मी मात्र सांगलीला खोली घेऊन पदार्थविज्ञान शिकलो. पदवीचा कागद घेऊन घरी गेलो तेव्हा आबांनी तो दोन्ही हातांत धरला, देवळीतल्या बिरोबापुढं ठेवला आणि त्यावर भंडाऱ्याचं बोट ओढलं. मी त्यांच्या पाठीमागं जाऊन ते पिवळं सदऱ्याच्या टोकानं पुसलं. ते गेलं नाही, उलट पसरलं. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. डागही आहे.

नोकरी लागेना म्हणून एका ओळखीनं मी मिस्त्रींकडे लागलो. तेव्हा आमच्या भागात एसीच्या गाड्या मोजक्याच, आणि त्यांचं काम जाणणारा माणूस त्याहून मोजका. मिस्त्री चौथी शिकलेले. त्यांचा एक नियम होता. गाडी 'गरम हवा फेकतीय' म्हणून आली की आधी एसी लावायचा आणि पाण्याची बादली घेऊन गाडीच्या तोंडावर, जाळीतून आत, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरवर मारायची. आतली हवा लगेच गार झाली तर रोग तोंडाशीच आहे, उष्णता बाहेर पडत नाहीये. नाही झाली तर मग गेज लावायचं. गेजच्या दोन गोल तबकड्यांना ते घड्याळ म्हणायचे. "आधी बादली, मग घड्याळ. उलटं केलंस तर घड्याळ खोटं बोलतंय बेटा." मला हे अडाणीपणाचं वाटायचं. दाब मोजायला यंत्र असताना पाणी कशाला फेकायचं? पण मालक ते. मी बादली मारायचो.

आणखी एक गोष्ट लिहून टाकतो, ती लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सांगलीला कॉलेजात असताना कुणीतरी विचारलं, घरी काय आहे? मी म्हणालो, तासगावकडं द्राक्षबाग आहे. का म्हणालो, ठाऊक नाही. समोरचा बागाईतदाराचा मुलगा होता, पायांत चांगले बूट होते. एकदा म्हटल्यावर ती बाग मला तीन वर्षं सांभाळावी लागली. छाटणी कधी, फवारणी कुठली, बेदाणा कसा वाळवतात, सगळं मी वाचून ठेवलं. मिरजेत आल्यावरही बाग माझ्याबरोबर आली. मिस्त्रींनी विचारलं तेव्हा त्यांनाही मी तेच सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

त्या उन्हाळ्यात आईच्या छातीतली झडप बदलायला तिला मिरजेच्या दवाखान्यात आणलं. जोतीमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, फौजेतून ड्रायव्हर हवालदार म्हणून नुकताच सुटून आलेला, त्यानंच सगळी धावपळ केली. आबांनी कळप त्या वर्षी मधेच वाडीवर आणून भावकीच्या हवाली केला आणि ते दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली घोंगडं टाकून राहिले. माझ्या खोलीवर या म्हटलं तर म्हणायचे, "छपराखाली मला झोप लागती व्हय रं? हितनं तिची खिडकी दिसती." आवारात तीन दगडांची चूल मांडून ते हुलग्याचं माडगं शिजवायचे. लसूण घालून केलेली ती पातळ पेज मी डब्यात गॅरेजवर न्यायचो, आणि झाकण अर्धंच उघडून, पाठ फिरवून खायचो. आईपर्यंत तो वास खिडकीतून वर जायचा. नर्सला ती म्हणायची, "आमचं मालक रांदत्यात बगा, पर मीठ कमी घालत्यात." वासावरून तिला मीठ कसं कळायचं, देव जाणे.

आई बरी होत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, कारण इंग्रजी कळणारा मीच. म्हणाले, इथून तुमचं गाव तीन तासांवर, आणि दिवस असे. तिचं काळीज अजून कच्चं आहे. उन्हाच्या काहिलीत, कोंदट गाडीत तिला नेऊ नका, सोसणार नाही. मी म्हणालो, "एसी गाडी आहे साहेब. मी स्वतः एसीचंच काम करतो."

गाडी जोतीमामाची. फौजेतून आल्यावर त्यानं जुनी पण चांगली एसीची मोटार घेतली होती, आटपाडीहून मिरजेला पेशंट आणायची सोय करायची म्हणून. घेतल्याबरोबर ती बिरोबाच्या जत्रेला नेली. आमच्यात देवाच्या पालखीवर भंडारा, खोबरं आणि लोकर उधळतात. त्या वर्षी लोकांनी मामाच्या गाडीवरही उधळली. वाडीतली पहिली मोटार, ती काय साधी गोष्ट? मूठमूठ हळद, खोबऱ्याचे तुकडे आणि कातरलेल्या लोकरीचे पुंजके. देवाचा भंडारा झटकायचा नसतो म्हणून मामानं गाडी पुसली नाही. नुसतं रोज सकाळी तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारायचा, श्रद्धेनं, जसं उंबऱ्यावर मारतात तसं.

आईला सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी मामा गाडी घेऊन गॅरेजवर आला. "बिरू, गड्या, एसी गरम फेकतुया. चालू गाडीत बरा असतुय, थांबलं की बोंबलतंय. उद्या आक्काला न्यायचीय, एकदम टाइट करून दे." मी गाडीकडं पाहिलं. बॉनेटच्या खाचांत, दिव्यांच्या कडांना, पुढच्या जाळीत सगळीकडं पिवळं. वायपरच्या बुडाला लोकरीचा पुंजका. आणि गॅरेजसमोर त्या वेळी तासगावचे दोन द्राक्ष व्यापारी चहा पीत उभे. त्यांतला एक म्हणाला, "ही कुठल्या जत्रंतनं आली?" दुसरा हसला. मी मामाला म्हणालो, गाडी मागं बोळात घे.

बोळात सावली होती, सकाळचा गारवा होता. बादली मारायची म्हणजे नळ पुढं, व्यापाऱ्यांच्या पायांशी. गाडी पुन्हा पुढं आणा, पिवळं पाणी त्यांच्या बुटांपर्यंत वाहू द्या, आणि मिस्त्रींनी विचारावं, बिरू, हे कोण पाव्हणं? मी बादली मारली नाही. सरळ घड्याळ लावलं. दाबाचा काटा पाहिजे त्यापेक्षा बराच वर. माझं डोकं तयारच होतं: आधीच्या मालकानं गॅस जास्त भरलाय. आतला गॅस काढला, पंप लावून नळ्या कोरड्या केल्या, मापानं नवा गॅस भरला. आत बसून एसीच्या झरोक्यापुढं हात धरला. गार. मामानं हात धरला आणि म्हणाला, "शाब्बास. शिकल्याचं चीज झालं." पलीकडं सतारवाला एकच तार छेडत होता, त्याला ती अजून पटत नव्हती. मला माझं काम पटलं होतं.

आज साताऱ्यात महामार्गाच्या कडेला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे आणि रोज अशा चार गाड्या येतात, म्हणून सांगतो. सकाळच्या सावलीत, उभ्या गाडीत, बॉनेट उघडं ठेवून जवळजवळ कुठलाही एसी गार लागतो. ती परीक्षाच नव्हे. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे कागद व्हायला दुपारचा एक वाजला. आबा आभाळाकडं बघून म्हणाले, "दिस कलू दे. पाचाला निघू." मी हसलो. म्हणालो, "आबा, ही मेंढरं न्हाईत, दिस बघून हाकायला. आत गार असतंय." आबा घोंगडं खांद्यावर टाकून पुढं मामाशेजारी बसले. मागं मी आणि आई. तिला आडवं करून तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं, काचा वर केल्या. आई आयुष्यात पहिल्यांदा एसीत बसली होती. तिनं हात वर करून हवा चाचपली, जसं एखादं नवं लुगडं चाचपावं. "हितनं येतंय व्हय गार? लेकानं केलंय हे," ती आबांना म्हणाली.

तासगावपर्यंत रस्ता मोकळा होता आणि गाडी पळत होती. तासगाव बरंच मागं पडल्यावर बेदाण्याचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर पुढं लागला आणि चढ सुरू झाला. पुढं वळणं, मागं ट्रकांची रांग, ओलांडायला जागा नाही. बैलगाडीच्या चालीनं आम्ही चढत होतो. थोड्या वेळानं झरोक्यातली हवा नुसती हवा झाली, मग कोमट, मग चुलीपुढं बसावं तशी. मामा म्हणाला, "बिरू, इंजिनाचा काटाबी वर चाललाय. काच खाली घिऊ?" मी म्हणालो, "नको मामा, असलेला गारवा जाईल. ट्रॅक्टर सुटला की होतंय गार." आबांनी मान वळवून आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आयं, गार हाय न्हवं?" मी विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलंच. ती म्हणाली, "हाय की."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. दहा मिनिटं असतील, पंधरा असतील. माझं सगळं लक्ष त्या झरोक्यावर. गॅस बरोबर भरलाय, कॉम्प्रेसर नवा असल्यासारखा आहे, मग चुकतंय कुठं, हेच गणित मी मांडत होतो. तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळून कानाजवळ गेलं होतं ते मी पाहिलं, आणि पाहूनही काच खाली केली नाही. मग तिचा हात, माझ्या मनगटावर ठेवलेला, आपोआप घसरून सीटवर पडला. मी हाक मारली. तिचे डोळे मिटलेलेच राहिले.

आबांनी मामाला थांब म्हटलं नाही. चालत्या गाडीचं दार उघडलं. मामानं गाडी कडेला घेतली तोवर ते खाली उतरून मागं आले होते. मला बाजूला सारून, जखमी मेंढी उचलतात तसं आईला दोन्ही हातांवर घेऊन ते रस्त्याकडेच्या बेदाण्याच्या शेडकडं निघाले. शेड म्हणजे नुसते खांब, वर पत्रा, चहूकडनं हिरवी जाळी आणि आत मजल्यामजल्यानं पसरलेली द्राक्षं. वारा आरपार वाहावा म्हणूनच ती बांधलेली असते. बाया बेदाणा निवडत होत्या. एकीनं जागा केली, दुसरीनं पदर भिजवून आईच्या छातीवर ठेवला, तिसरी क्रेटच्या झाकणानं वारा घालू लागली. "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" त्यांच्यातल्या एका म्हातारीनं विचारलं. आबा म्हणाले, "आटपाडीकडलं. मेंढरं हायती आमची." मी त्या द्राक्षांत उभा होतो, ज्यांच्याबद्दल मला पुस्तकातलं सगळं ठाऊक होतं.

आईनं डोळे उघडले, पण नजर ओळखीची नव्हती. श्वास वरवरचा. म्हातारीनं सांगितलं, पुढं घाट चढून गेलं की डॉक्टर आहे, मागं तासगाव त्याहून लांब. म्हणजे पुन्हा याच गाडीत घालायचं आणि हाच चढ. काचा खाली घेतल्या तर बाहेरची हवाही भट्टीची. वर घेतल्या तर काय, ते आत्ताच पाहिलं होतं. मामा बॉनेट उघडून उभा. मी नळ्यांना हात लावत होतो, चटके खात होतो, आणि मला काहीही सुचत नव्हतं. पदवीधर माणूस मी.

इंजिन तापलंय असं मामानं सांगितलं म्हणून आबा शेडमधून पाण्याची घागर घेऊन आले. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं. जनावर तापलं तर तोंडावर पाणी मारतात, तसं त्यांनी जाळीवर पाणी मारलं. पाणी आत गेलंच नाही. भिंतीवर मारल्यासारखं उलटून त्यांच्याच धोतरावर आलं. ते वाकले. मग जाळीच्या फटीतून दोन बोटं आत घातली, चाचपली आणि म्हणाले, "आरं, हितं बुरणूस बसलीया."

बुरणूस म्हणजे विणल्याशिवाय केलेलं कांबळं. लोकर पसरायची, पाणी शिंपडायचं, दाबायचं, पुन्हा शिंपडायचं, पुन्हा दाबायचं. केसात केस अडकून घट्ट जाड कापड होतं. आमच्या वाडीतल्या जुन्या माणसांना हे कुणी शिकवावं लागत नाही. जत्रेतली लोकर आत जाऊन कंडेन्सरवर बसली होती, हळदीनं ती चिकटली होती, मामानं रोज तांब्याभर पाणी शिंपडलं होतं आणि धावत्या गाडीच्या वाऱ्यानं ती दाबली होती. आतली उष्णता बाहेर पडायला जागाच उरली नव्हती. मामानं चार स्क्रू काढून जाळी बाजूला केली. आबांनी लोकर कातरायच्या सफाईनं कडेनं नखं घातली आणि ते सबंध, तळहाताएवढ्या रुंद पट्ट्यांनी सोलून काढलं. पिवळंधमक, खोबऱ्याच्या किसासकट. मी घागरी आणून ओतत राहिलो, पिवळं पाणी खाली वाहत राहिलं. मामानं गाडी सुरू केली, एसी लावला. 'टक्' झालं. दोन मिनिटांत झरोक्यातून गार हवा आली. आबांनी तिथं हात धरून पाहिला, बराच वेळ धरला, मगच आईला आणायला गेले.

घाटावरच्या डॉक्टरांनी सलाईन लावली आणि दोन दिवस तिथंच ठेवून घेतलं. आई वाचली. डॉक्टर मला म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते मी तीस वर्षं पुरं करतोय.

मिरजेला परत गेल्यावर मिस्त्रींना मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बादली मारली हुतीस?" मी नाही म्हणालो. "का?" मी म्हणालो, गाडी पिवळी होती, ती व्यापाऱ्यांसमोर न्यायची लाज वाटली. आणि माझी द्राक्षबाग नाही. मिस्त्री स्पॅनर पुसत म्हणाले, "ते ठाऊक हाय रं सगळ्यांना. द्राक्षवाल्याच्या डब्यात रोज हुलगं असत्यात व्हय? तू लाजलास ते तुझं तू बघ. पर माझ्या गॅरेजातनं न तपासलेली गाडी गेली, ती माझी लाज." त्या दिवसापासून महिनाभर त्यांनी मला घड्याळाला हात लावू दिला नाही. नुसत्या बादल्या मारल्या मी. मिस्त्री ओरडले मात्र नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मिरजेला परतण्याआधीचे काही दिवस मी वाडीवर होतो. आई अंगणात बाजेवर टेकून बसायला लागली होती. मेंढरं बाहेर काढायच्या वेळची गडबड, कोकरांचा कालवा, आणि आबा रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी गोळा करत असलेले. आईनं माझ्यापुढं माडग्याची वाटी सारली. मी ती तशीच खाली ठेवली. शेवटी विचारलंच. "आयं, गाडीत एवढं उकडत हुतं, तर मला म्हणली का न्हाईस?"

 मी असं का विचारतोय हेच तिला कळेना.

"तू म्हणलास की गार हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच ताप चढलाय."